हॅम्लेटचं ऑडिट

धरमपेठेत नवा भाडेकरू आला की शेजारचे त्याला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतात. नळ किती वाजता येतो ही एक, आणि हॅम्लेटकाकांसमोर 'चालढकल' हा शब्द काढायचा नाही ही दुसरी. पहिली विसरली तर बादल्या रिकाम्या राहतात. दुसरी विसरली तर संध्याकाळ हातची जाते आणि काकूंना चहाचं आधण पुन्हा ठेवावं लागतं.

काकांचं खरं नाव टपालवाल्याला माहीत असावं. उभी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये झाली. विदर्भातल्या तालुक्यातालुक्यांच्या कचेऱ्यांत बसून त्यांनी रोखवह्या, साठावह्या, हजेरीपट तपासले. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी शेक्सपिअर हातात घेतला, अशी गल्लीतली समजूत आहे. ती खोटी आहे. शेक्सपिअर आधीपासून होताच. गोंदियाच्या नाहीतर गडचिरोलीच्या दौऱ्यावर, विश्रामगृहाच्या खाटेवर, मच्छरदाणीच्या आत तो असायचा. व्हेरिटीच्या टिपांची ती जुनी आवृत्ती मी पाहिली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईत बरोबरची खूण, 'तपासले' असा शेरा, आद्याक्षरं आणि तारीख. काही पानांवर तारखा तीन-तीन आहेत, म्हणजे फेरतपासणी झालेली आहे.

"इंग्रजीचे प्राध्यापक हॅम्लेट वाचतात," काका सांगतात. "मी तपासतो."

आता हॅम्लेटची गोष्ट जगाला ठाऊक आहे. डेन्मार्कचा राजा मेला. त्याच्या भावानं, क्लॉडियसनं, गादी घेतली आणि राणी गर्ट्रूडशी लग्नही केलं. मेलेल्या राजाचं भूत येऊन मुलाला सांगतं की मी साप चावून मेलो नाही, झोपेत माझ्या कानात विष ओतलं गेलं, तू सूड घे. मुलगा हो म्हणतो आणि मग नाटकभर विचार करत बसतो. गेली दोनशे वर्षं युरोपातले मोठमोठे लोक एकाच प्रश्नाला धरून आहेत, की हा पोरगा एवढा वेळ का घालवतो?

"किती वेळ?" काका विचारतात. "हिशेब दे."

हिशेब कोणाकडेच नसतो. काकांकडे असतो. पहिल्या अंकात हॅम्लेट स्वतः म्हणतो की बाप जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. तिसऱ्या अंकात, नाटकातल्या नाटकाच्या रात्री, ऑफेलिया त्याला सांगते की त्याच्या दुप्पट झाले. वजाबाकी करा.

"दोन महिने, राजेहो! तेवढ्यात आपल्याकडं फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. आणि हा पोट्टा तेवढ्यात भुताची जबानी घेतो, वेडाचं सोंग उभं करतो, गावात आलेली नाटक मंडळी धरतो, त्यांच्या संहितेत स्वतःच्या ओळी घुसवतो आणि भर दरबारात आरोपीला घाम फोडतो. अन् तुम्ही त्याले चालढकल म्हणून राहिले?"

काकांचा सिद्धान्त असा की हॅम्लेट हा सूड घेणारा माणूसच नाही, तो तपासणी अधिकारी आहे. भुताची तक्रार म्हणजे पडताळणी न झालेली तक्रार. सही नाही, शिक्का नाही, अंगावर बापाचं चिलखत आहे एवढंच. सैतानही बापाचं रूप घेऊन येऊ शकतो, ही शंका हॅम्लेटनं स्वतः नोंदवली आहे. अशा तक्रारीवर थेट वसुली लावली तर अधिकारी घरी जातो. म्हणून तो आधी व्हाउचर मागतो. व्हाउचर म्हणजे ते नाटकातलं नाटक. राजा उठून पळाला, व्हाउचर मिळालं, प्रकरण वसुलीस पात्र ठरलं.

सूडनाटकांचा धंदा इंग्लंडात शेक्सपिअरच्या आधीच जोरात होता, हे काका आवर्जून सांगतात. थॉमस किडच्या 'स्पॅनिश ट्रॅजेडी'त म्हातारा बाप मुलाच्या खुनाचा बदला घेतो, आणि तोही दरबारापुढं नाटक करून. त्या नाटकात खोटे सुरे खरे होतात आणि प्रेक्षकांना ते नंतर कळतं. "किडनं नाटक केलं मारायसाठी. शेक्सपिअरनं केलं तपासायसाठी. रक्कम तीच, हेड बदललं." हे वाक्य मी एका विद्यापीठीय चर्चासत्रात वेगळ्या शब्दांत, पाऊण तास खर्चून मांडलेलं ऐकलं आहे. काकांना त्याला दीड मिनिट लागतं. मग उरलेला तास ते ऑफेलियाच्या बापाच्या प्रवासभत्त्यावर घालवतात, हा भाग वेगळा.

संध्याकाळी ट्रॅफिक पार्कच्या बाजूला काकांचा कट्टा जमतो. त्यात हायकोर्टातले एक वकील आहेत. एकदा त्यांनी खाकरून मुद्दा काढला. "मृत्युपूर्व जबानी १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आपल्याकडं ग्राह्य आहे. मृत्यूत्तर जबानीचं कलम तेवढं मला दाखवा." काका त्या दिवशी न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर येताच, बसायच्या आधी म्हणाले, "म्हणूनच तर त्यानं नाटक बसवलं ना!" आणि वकिलांनी मान्य केल्याशिवाय त्यांना बसू दिलं नाही.

चहाच्या टपरीवाल्यानं मात्र त्यांना खरोखर अडचणीत आणलं. तो ग्लास विसळता विसळता म्हणाला, "काका, पण शेवटी पोट्टं मेलंच ना? मंग तपासून काय भेटलं त्याले?"

काकांनी बोटं मोजली. पोलोनियस, ऑफेलिया, रोझेनक्रांट्झ, गिल्डनस्टर्न, राणी, लेअर्टीस, राजा आणि तो स्वतः. "एका वसुलीसाठी आठ," ते म्हणाले. "खर्च जास्त झाला, हे मी मान्य करतो. पण प्रक्रिया बरोबर होती."

या वाक्यात अख्खे काका आहेत. माझ्या पाहण्यातला असा माणूस नागपुरात दर गल्लीत एक तरी सापडतो. त्याला जगातलं एकच नाटक, एकच राग, एकच सामना किंवा एकच निवडणूक पुरते. तेवढ्या एका खिडकीतून तो सगळं आभाळ बघतो आणि बाकीचे घराबाहेर उभे राहून बघतात याची त्याला कीव येते.

काकांकडं टीकाकारांची एक नोंदवही आहे. रकाने तीन: नाव, आक्षेप, अनुपालन. गटे म्हणतो की हॅम्लेटवर पडलेलं काम म्हणजे नाजूक फुलदाणीत लावलेलं ओकचं झाड, मुळं वाढली आणि फुलदाणी फुटली. त्यापुढं काकांचा शेरा: 'नाजूक इसम पडद्याआडच्या माणसात न पाहता तलवार खुपसत नाही. पुरावा सादर करावा.' ब्रॅडलीनं १९०४ साली हॅम्लेटला खिन्नतेचा आजार लावून दिला. शेरा: 'वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेले नाही.' फ्रॉइडचा शिष्य अर्नेस्ट जोन्स यानं सांगितलं की क्लॉडियसनं जे केलं तेच हॅम्लेटच्या मनात खोल कुठंतरी लहानपणापासून होतं, म्हणून त्याचा हात उठत नाही. इथं काकांनी बराच वेळ विचार केलेला दिसतो, कारण शाई दोन रंगांची आहे. शेवटी लिहिलंय: 'कौटुंबिक बाब. अभिलेखात घेऊ नये.'

सगळ्यात मोठा राग एलियटवर. त्यानं १९१९ साली लिहिलं की हे नाटकच कलाकृती म्हणून फसलेलं आहे, हॅम्लेटच्या भावनेला पुरेसं कारण नाटकात नाही. काकांनी शोधून काढलं की एलियट तेव्हा लॉइड्स बँकेत नोकरीला होता. तेव्हापासून त्यांचा राग शांत झाला. "बँकवाला! खातं जुळलं नाही की चूक खातेदाराची."

प्रयोगांच्या बाबतीत काका टीकाकारांपेक्षाही कडक आहेत. त्यांच्या मते हॅम्लेट फक्त एकाच माणसाला जमला, गणपतराव जोशींना. गणपतराव १९२२ साली वारले, म्हणजे काकांच्या जन्माच्या पुष्कळ आधी. पण काकांच्या आजोबांनी त्यांचा चंद्रसेन पाहिला होता. आगरकरांनी 'विकारविलसित'मध्ये हॅम्लेटचं नाव चंद्रसेन ठेवलं आहे. शाहूनगरवासी मंडळीचा तो प्रयोग आजोबांनी कुठल्या गावी पाहिला ते दर खेपेला बदलतं. कधी अमरावती, कधी वर्धा, तर एकदा आर्वी. पण भूत दिसल्यावर गणपतराव कसे मागं सरले ते काका तंतोतंत करून दाखवतात. त्यात त्यांचा चष्मा आतापर्यंत पुष्कळदा पडला आहे.

आगरकरांबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज खाली येतो. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात होते. तिथल्या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं, आणि त्याच कोठडीत 'विकारविलसित'चं बरंच काम केलं. 'विकारविलसित' निघालं १८८३ साली. "त्याच वर्षी आपलं हिस्लॉप कॉलेज सुरू झालं," हे काका जोडतातच, जणू दोन्हींचा जावक क्रमांक एक असावा. "अन् तुरुंगात बसून हॅम्लेट लिहिणाऱ्याला डेन्मार्क म्हणजे काय हे प्राध्यापकानं सांगावं लागत नाही." यावर माझ्याकडं कधी उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

बाकीच्यांची मात्र धडगत नसते. ऑलिव्हिएचा १९४८ चा चित्रपट सुरुवातीलाच जाहीर करतो की ही मनाचा निश्चय न होणाऱ्या माणसाची शोकांतिका आहे. काकांनी तिथंच तो बंद केला आणि पुढं पाहिला नाही, तरी त्यावर ते अर्धा तास बोलतात. किशोर साहूंनी १९५४ साली हिंदीत हॅम्लेट केला. त्याला सौम्य शेरा मिळाला, कारण साहू मॉरिस कॉलेजचे. "आपला पोरगा आहे, त्याचे गुण थोडे वाढवून द्यायला पाहिजे." 'हैदर' त्यांनी थिएटरात जाऊन पाहिला. काश्मीर आवडलं, कबरी खोदणारे म्हातारे आवडले, पण शेवटी मुलगा काकाला जिवंत सोडून निघून जातो हे पाहून ते अस्वस्थ झाले. "वसुली माफ करायचा अधिकार याला कोणी दिला?"

२०१८ साली मुंबईत चंद्रकांत कुलकर्णींनी 'हॅम्लेट' उभं केलं. सुमीत राघवन हॅम्लेट, आणि संहिता नाना जोगांच्या अनुवादाची. "जोग आपले नागपूरचे!" म्हणत काका विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला गेले, नाटक पाहिलं आणि रात्रभर बसून परत आले. आम्ही सगळे स्टेशनवरच त्यांचा निकाल ऐकायला उत्सुक. काका म्हणाले, "नाटक उत्तम होतं. सेट जबरदस्त. पोरानं जीव ओतून काम केलं." मग रिक्षात बसताना, एक पाय आत, एक बाहेर: "पण हॅम्लेट नव्हता तो."

मराठी माणसाला हॅम्लेटचं नाव काढलं की 'नटसम्राट' आठवतो, हेही त्यांचं एक जुनं दुखणं. शिरवाडकरांच्या १९७० च्या त्या नाटकात म्हातारा नट हॅम्लेटच्या स्वगताचे बोल उचलून आपलं दुःख सांगतो. मूळ गोष्टीचं नातं मात्र राजा लिअरशी. "लिअरच्या घरात हॅम्लेट भाड्यानं राहून राहिला," काका म्हणतात, "अन् लोकांना वाटते घर त्याचंच."

पण काकांचा खरा ऐवज महालात आहे.

हिवाळ्यात एखाद्या रविवारी ते नवशिक्या माणसाला तर्री पोहे खाऊ घालतात. बिल ते देतात, म्हणून माणूस गाफील राहतो. तिथून त्याला घेऊन महालात येतात आणि नगारखान्यासमोर उभं करतात. भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ च्या आगीत गेला, हा दरवाजा तेवढा राहिला. "हॅम्लेटचं एल्सिनोर," काका हात उंचावून सांगतात. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत असतो. काका हलत नाहीत.

गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात आहे, काकांनी फक्त ती हॅम्लेटच्या रकान्यात भरली. दुसरे रघुजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. गादीवर आला मुलगा परसोजी, प्रकृतीनं आणि मनानं दुबळा. कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबांकडं. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. अप्पासाहेब तेव्हा चांद्याला गेले होते. ते गादीवर बसले. गळा दाबून खून झाल्याचं पुढं बाहेर आलं.

"क्लॉडियस बागेतच होता, हातात कुपी घेऊन," काका म्हणतात. "अन् आपला माणूस पाहा. दौऱ्यावर! जाण्यायेण्याचं पक्कं टूर बिल! शेक्सपिअरला हे सुचलं नाही."

पुढं नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली आणि भोसले हरले. अप्पासाहेबांना कैद करून प्रयागकडं नेत असताना ते पहारेकऱ्यांना फोडून वाटेतून निसटले, आणि डोंगरांतून, पंजाबातून फिरत अखेर जोधपूरला १८४० साली वारले. इथं काकांची पंचाईत होते, कारण कैदेत परदेशी पाठवलं जाताना निसटणं हे काम हॅम्लेटचं आहे, आणि इथं ते खलनायकानं केलं. वहीत याची 'तफावत' म्हणून नोंद आहे. दुसरी तफावत काकूंनी काढली: "अहो, पण हा काका नाही, चुलतभाऊ आहे."

"किरकोळ. नोंद घेतली."

"अन् हॅम्लेट कुठं आहे यात?"

काका नगारखान्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तोच तर नाही ना. म्हणून तर इंग्रज आले." त्यांच्या हिशेबात रेसिडेंट जेन्किन्स हा फोर्टिनब्रासही आहे आणि होरेशिओही. सगळे पडल्यावर गादी ताब्यात घेणारा तोच, आणि मागाहून नागपूरच्या राज्याचा जाडजूड अहवाल लिहिणाराही तोच. तो अहवाल १८२७ साली कलकत्त्यात छापला गेला. अहवाल लिहिणाऱ्या माणसाबद्दल काकांच्या मनात हळवा कोपरा आहे. त्यामुळं जेन्किन्सवर ते पुरेसे रागावू शकत नाहीत.

हा सिद्धान्त एकदा त्यांनी ज्येष्ठ नागरिक मंडळात मांडला. महालातले एक गृहस्थ ताडकन उठले. "अप्पासाहेबांना क्लॉडियस म्हणता? ते इंग्रजांशी लढले! तुमचा तो परसोजी गादीवर राहिला असता तर काय दिवे लावले असते?" सभेत गोंधळ. काका मात्र खूश. घरी येताना मला म्हणाले, "त्या माणसानं विल्सन नाइट वाचला नसंल. पण बोलला तेच." विल्सन नाइटनं १९३० साली म्हटलं होतं की नीट बघा, क्लॉडियस हा कर्तबगार राजा आहे, दरबार सुरळीत चाललाय, आणि त्या घरात मृत्यू घेऊन फिरणारा कोणी असेल तर तो हॅम्लेट. महालातल्या गृहस्थांनी ते दोन वाक्यांत सांगितलं, शिवाय टेबलावर हात आपटून.

काकू या सगळ्यात कुठं असतात? स्वयंपाकघरात. तिथं त्यांना सगळं ऐकू येतं. मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही सगळे मिरवणूक बघायला गेलो होतो. ढोल, धूळ, बडगे, आणि गर्दीच्या डोक्यावरून डुलत येणारी प्रचंड काळी मारबत. ही बांकाबाईची, इंग्रजांना मिळालेल्या राणीची, असं जुने लोक सांगतात. रघुजींची ती विधवा. काका माझ्या कानाशी ओरडले, "ही आपली गर्ट्रूड!"

काकूंनी ते ऐकलं. ढोलांवरून आवाज चढवून त्या म्हणाल्या, "नवरा गेला. घरातले बाप्पे एकमेकांचे गळे दाबून राहिले होते. त्यात ती एकटी बाई टिकली. टिकली म्हणून तिला दरवर्षी जाळायचं?"

"तिनं तडजोड केली."

"मग काय करायचं होतं? तुमच्यासारखं तपासत बसायचं होतं?"

काकांनी वही आणली नव्हती. आक्षेप तोंडीच राहिला.

आता नाटकाबद्दल. काका हॅम्लेट बसवणार आहेत, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. राज्य नाट्य स्पर्धेचा अर्ज ते दरवर्षी आणतात. अडचणी खऱ्याच असतात. पूर्ण नाटक चार तासांचं, स्पर्धेच्या वेळेत बसत नाही, आणि काकांना एक ओळ कापवत नाही. हॅम्लेटचं वय ठरत नाही. कबर खोदणाऱ्याच्या हिशेबानं तो तीस वर्षांचा, पण तो विद्यापीठात शिकतोय. पहिल्या छापील प्रतीत विदूषकाची कवटी बारा वर्षांपूर्वीची आणि नंतरच्या प्रतींत तेवीस. एवढी तफावत असताना नट निवडणं म्हणजे नियमबाह्य नेमणूक. नागपूरच्या चांगल्या चांगल्या नटांनी काकांकडं वाचन केलं, लग्नं केली, पुण्यामुंबईला गेले, मालिकांत सासरे झाले. स्वतःचा अनुवादही काका करत आहेत. तो तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशापर्यंत आला आहे.

तेवढ्याच भांडवलावर मागच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात तो चौथा प्रवेश करायचं ठरलं, हॅम्लेट आईच्या महालात जाऊन तिला जाब विचारतो तो. हॅम्लेट म्हणून मिहानमधल्या आयटी कंपनीतला एक देखणा पोरगा. पोलोनियस सोसायटीचे सचिव, कारण पडद्यामागं उभं राहून मरायचंच होतं. आईला दोन नवऱ्यांच्या तसबिरी दाखवायच्या होत्या. पहिल्यासाठी काकांच्या आजोबांचा हार घातलेला फोटो उतरवला. दुसऱ्यासाठी खजिनदारांचा फोटो घेतला, त्यावरून खजिनदार अजून बोलत नाहीत. गर्ट्रूडचं काम करणाऱ्या बाईंकडं ऐन वेळी सासरचे लोक आले. काकूंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी उभी राहते. मला पाठ आहे." त्यांना सगळ्यांचंच पाठ होतं, हे आम्हाला त्या रात्री कळलं.

पोरानं काम झोकात सुरू केलं. दोन्ही तसबिरी वर धरून तो कडाडला: एवढा देवासारखा नवरा सोडून हा बुरशी लागलेला माणूस तुला दिसला कसा? संहितेप्रमाणं राणीनं इथं खाली बघून रडायचं. काकूंनी खाली पाहिलं नाही.

"ठेव ते फोटो खाली," त्या म्हणाल्या. "काच फुटंल. बाप गेला तेव्हा तू कुठं होता? विटेनबर्गला. नॉर्वेची फौज वेशीवर येऊन राहिली, गादी रिकामी, दरबारातले अर्धे लोक पळायच्या बेतात. मी कोणाला विचारायला पाहिजे होतं? तुझ्या होस्टेलला पत्र टाकायचं होतं? अन् पत्र टाकलं असतं तर तू आला असता की आधी खरंखोटं करत बसला असता?"

मंडप कडाडला. पुढच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या. हॅम्लेटच्या तोंडून निघून गेलं, "सॉरी काकू." पडद्यामागं सचिव आपल्या ओळीची वाट बघत होते. ती ओळ आता येण्याची शक्यता उरली नव्हती. शेवटी त्यांनी पडदा बाजूला करून विचारलं, "मला मारून राहिले का, की मी जाऊ आरतीच्या तयारीला?"

काका विंगेत संहिता हातात धरून उभे होते. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, कारण सगळ्या टाळ्यांमध्ये मीही उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा काका पहाटेपासून लिहीत बसले होते. टेबलावर ताजा मजकूर. मथळा: 'गर्ट्रूड : एक प्रशासकीय दृष्टी'. त्यांनी मला वाचून दाखवलं. राणीनं घाईनं केलेलं लग्न ही वासना नव्हती, रिक्त पद तातडीनं भरण्याची कारवाई होती, सीमेवर फौज असताना प्रभारी नेमणूक अपरिहार्य होती, आणि हे आजवर एकाही टीकाकाराच्या लक्षात आलेलं नाही. "माझं स्वतंत्र निरीक्षण आहे," काका म्हणाले. वहीतला विल्सन नाइटचा रकाना त्यांनी लाल रेघ मारून बंदही केला होता.

काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्यांनी कागदावरून नजर फिरवली.

"व्हाउचर जोडलं?"

"जोडतो ना. पुरवणीत तुझं नाव घेतो."

"पुरवणीत नको. अन् ऐका, पुढचं नाटक केलं तर राणीचं काम मीच करणार. पण शेवटच्या अंकात तो विषाचा प्याला मी पिणार नाही. त्यात काय आहे ते मला माहीत आहे."

काकांनी पेन खाली ठेवलं. "अगं, तू मेली नाही तर नाटक संपंल कसं?"

"नाही संपलं तर नाही संपलं," काकू म्हणाल्या. "सुरू तरी कुठं झालं आहे तुमचं?"